धोतर नेसलेल्या बाईला कोण आठवतं?

परवा सावरकर नाट्यगृहाबाहेर चहा घेताना विषय निघाला, पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिकांचा. बालगंधर्वांपासून आपल्या नमनातल्या गवळणींपर्यंत सगळ्यांची आठवण निघाली. मी विचारलं, "आणि बाईने रंगवलेला पुरुष?" सगळे गप्प.

म्हणून आज एक नाव सांगतो. कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखले यांच्या आई, विक्रम गोखले यांच्या आजी.

१९१३ साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना. शेवटी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आई पार्वती, मुलगी मोहिनी. कमला तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची.

पुढे रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. गोखल्यांच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत त्या नायिका झाल्या. पण ऐन पंचविशीत नवरा गेला. पदरात लहान मुलं. सहानुभूती सगळे दाखवतात हो, पण त्यावर चूल पेटत नाही. कमलाबाई मनोहर स्त्री संगीत मंडळीत गेल्या. तिथे सगळ्या बायकाच, म्हणजे राजाही कुणीतरी बाईनेच व्हायचं. कमलाबाईंनी मिशी लावली आणि पुरुष भूमिका केल्या.

स्त्री-पुरुषांनी एका रंगमंचावर येणं तेव्हा लोकांना चालत नव्हतं. त्याच बंधनातून पुरुष स्त्रीपार्टी झाले आणि बायकांच्या मंडळ्याही निघाल्या. कारण एकच, पण कौतुक एकाच बाजूला. बालगंधर्वांची साडी मराठी घराघरांत पोचली, या बायकांच्या फेट्याची आठवण कुणी ठेवली?

तिकडे चीनमध्ये मेंग शियाओडोंग नावाची नटी पेकिंग ऑपेरात वयस्क पुरुषांच्या भूमिका करायची. लोक तिला थेट 'सम्राट' म्हणायचे.

कमलाबाई १९८० च्या 'गहराई'पर्यंत काम करत राहिल्या. रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून निदान त्यांचं बोलणं तरी टिकलं. बाकीच्यांचं तेही नाही.

आता आपल्याकडे बायकांचं नमनही होतं. त्यात पुरुषाचं सोंग घेणाऱ्या ताई-मावशी तुमच्या वाडीत असतील, तर त्यांचे फोटो आणि नाव आजच जपून ठेवा. मलाही कळवा, मी लिहीन.