सुकाणूवरचा गुलाम

१८६२ सालच्या मे महिन्याची तेरावी तारीख. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन बंदरात ‘प्लांटर’ नावाची आगबोट धक्क्याला लागलेली होती. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणी सैन्याची ही बोट. तिच्यावर तोफा चढवलेल्या. गोरा कप्तान आणि गोरे अधिकारी रात्रीपुरते गावात गेलेले. मागे राहिले ते गुलाम खलाशी, आणि त्यांत तेवीस वर्षांचा रॉबर्ट स्मॉल्स. सुकाणू याच्याच हाती असे; सुकाण्याचा हुद्दा मात्र गोऱ्यांसाठी राखलेला!

पहाटे तीनच्या सुमारास त्याने बोट हाकारली. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर ओढली. वाटेत दुसऱ्या धक्क्यावरून बायको हॅना आणि मुले यांना घेतले. एकूण सोळा जीव. वाटेवरच्या फोर्ट सम्टर किल्ल्यासमोर त्याने ठरलेल्या खुणेची शिट्टी दिली. अंधारात टोपी पाहून पहारेकरी फसले. तोफांचा टप्पा ओलांडताच त्याने दक्षिणेचे निशाण उतरवून पांढरी चादर चढवली आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली.

हे धाडस कशापायी? बायको-मुलीच्या सुटकेसाठी तिच्या मालकाने आठशे डॉलर मागितले होते, आणि स्मॉल्सच्या गाठीला जमले होते अवघे शंभर.

कथा सांगणारे बहुधा इथेच थांबतात. मी मॅट्रिकवर थांबलेला शाळामास्तर; मला पुढचाच भाग अधिक मोलाचा वाटतो. बंदरातला पाण्याचा प्रत्येक ओघ जाणणाऱ्या या माणसाला अक्षरओळख नव्हती. १८६४ साली ‘प्लांटर’ दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला गेली, तेव्हा त्याने तिथे शिक्षक ठेवून धडे गिरवले. त्याच शहरात कातडीच्या रंगापायी त्याला ट्रामगाडीतून उतरवण्यात आले. उत्तरेतही सगळे आलबेल नव्हते तर!

युद्ध संपले. १८६८ साली प्रांताची नवी घटना लिहिण्यास जी सभा बसली, तिच्यात स्मॉल्सने सर्व मुलांसाठी मोफत सरकारी शाळांचा आग्रह धरला. ‘सर्व’ म्हणजे गोऱ्यांचीही. कारण गरीब गोऱ्यांच्या पोरांनाही शाळा कुठे होती? पुढे तो प्रांताच्या सेनेटात व नंतर वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये बसला. १८७३ मध्ये तो प्रांतिक सेनेटात होता, त्याच वर्षी इकडे पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. दोघांची ओळख नव्हती. शाळेची निकड मात्र दोघांनाही सारखीच वाटत होती.

मग वारे फिरले. १८९५ साली पुन्हा घटनासभा भरली ती कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याच्या उघड हेतूने. सभेत त्यांचे प्रतिनिधी अवघे सहा. स्मॉल्स त्यांपैकी एक. तो भांडला, हरला. सहीला मात्र त्याने नकार दिला.

ब्यूफर्ट गावी ज्या मालकाच्या घरामागच्या खोपटात त्याचा जन्म झाला, तेच घर त्याने युद्धकाळातील कराच्या लिलावात विकत घेतले होते. घरावर जुन्या हक्काचा दावा झाला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ साली स्मॉल्सने जिंकला. १९१५ च्या फेब्रुवारीत, त्याच घरात, त्याने डोळे मिटले.