सुट्या घटकांचा स्टिरिओ संच

सुट्या घटकांचा स्टिरिओ संच म्हणजे घरी संगीत ऐकण्यासाठी स्वतंत्रपणे निवडलेल्या आणि तारांनी एकमेकांस जोडलेल्या उपकरणांचा समूह होय. ध्वनीचा स्रोत, अँप्लिफायर आणि दोन स्पीकर हे त्याचे किमान भाग असतात. स्रोत म्हणून टर्नटेबल, कॅसेट डेक, ट्यूनर, सीडी प्लेअर किंवा अलीकडे संगणक वा मोबाइल वापरला जातो. रेडिओग्राम, टू-इन-वन व 'म्युझिक सिस्टीम' या नावाने विकली जाणारी एकसंध यंत्रे यांहून हा संच वेगळा ठरतो, कारण त्यातील एखादा भाग बिघडला किंवा जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. मराठीत 'ध्वनिवर्धक' हा शब्द अँप्लिफायर व लाउडस्पीकर या दोहोंसाठी वापरला जात असल्याने या लेखात बाजारात रूढ असलेले शब्दच योजले आहेत.

इतिहास

दोन कर्ण्यांमधून दोन वेगळे ध्वनिप्रवाह ऐकवून वादकांच्या जागांचा भास निर्माण करण्याची पद्धत ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लूमलाइन यांनी विकसित केली. तिच्या एकस्वासाठी त्यांनी डिसेंबर १९३१ मध्ये अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर डावा व उजवा असे दोन प्रवाह कोरण्याची कल्पनाही त्यातच होती. प्रत्यक्षात मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी १९४८ मध्ये आली आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळण्यास १९५८ साल उजाडले. सुटे घटक जोडून संच उभारण्याचा छंद याच सुमारास युरोप-अमेरिकेत वाढला.

महाराष्ट्रात त्या काळी घराघरांत असे तो रेडिओ, आणि सधन घरी रेडिओग्राम. ठाण्याला मर्फी रेडिओचा, तर पुणे परिसरात फिलिप्सचा कारखाना होता. आयातीवरील निर्बंध व जबर करांमुळे परदेशी अँप्लिफायर किंवा टर्नटेबल सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर राहिले. १९७० मध्ये कोलकात्यात स्थापन झालेली सोनोडाइन तसेच कॉस्मिक यांसारख्या भारतीय नावांमुळे सुटा अँप्लिफायर, सुटा डेक आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर हे चित्र मध्यमवर्गीय दिवाणखान्यात दिसू लागले. स्टिरिओ ध्वनीची पहिली ओळख अनेकांना घरी न होता चित्रपटगृहात झाली. १९७५ चा 'शोले' ७० मि.मी. पडद्यावर स्टिरिओ ध्वनीसह मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. ज्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मिनर्व्हा होते, तोच रस्ता इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची मुंबईतील मुख्य बाजारपेठ आहे. पुण्यात हे स्थान बुधवार पेठेतील तापकीर गल्लीला आहे.

घटकांची निवड

पहिला संच घेताना खर्चाचा मोठा वाटा स्पीकरवर ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो योग्यच म्हटला पाहिजे. अँप्लिफायर-अँप्लिफायरमधील फरक पुष्कळदा सूक्ष्म असतो. दोन स्पीकरांमधील फरक मात्र अप्रशिक्षित कानालाही पहिल्या मिनिटात कळतो. दुकानात स्पीकर पारखताना आपल्या ओळखीच्या गायकाचा आवाज लावून पाहावा, ढोल-ताशांचा गजर नव्हे. मानवी आवाजातील कृत्रिमता लगेच उघडी पडते.

शक्तीच्या आकड्यांनी ग्राहकाची जितकी फसगत केली तितकी दुसऱ्या कशानेही केली नसेल. १९९० च्या दशकात लहानशा कॅसेट प्लेअरवरही हजारो वॅट 'पीएमपीओ' असे छापलेले असे. पीएमपीओ हा क्षणमात्र मिळू शकणाऱ्या शक्तीचा फुगवलेला आकडा असून त्याच्या मापनाचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. पाहावयाचा तो सतत मिळणारा, आरएमएस या नावाने लिहिला जाणारा आकडा, आणि तोही किती ओहमवर मोजला आहे यासह.

वॅट आणि मोठेपणा यांचे नाते सरळ प्रमाणाचे नाही. शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी अवघी ३ डेसिबलने वाढते. दुप्पट मोठा आवाज झाल्याची जाणीव होण्यास सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल ध्वनी देतो. १० वॅटवर तो ९७ डेसिबल देईल, १०० वॅटवर १०७. यावरून हे स्पष्ट होते की बारा बाय दहा फुटांच्या खोलीत प्रत्येक बाजूस ३० ते ४० वॅटचा प्रामाणिक अँप्लिफायर पुरून उरतो. उलट दुबळा अँप्लिफायर शेवटच्या टोकापर्यंत पिळल्यास तरंगांचे माथे कापले जातात, आणि त्यातून निर्माण होणाऱ्या उच्च कंप्रतांमुळे स्पीकरमधील ट्वीटर जळतो.

स्पीकरचा संरोध सामान्यतः ४, ६ किंवा ८ ओहम असतो. ८ ओहमच्या दोन जोड्या एकाच निर्गमावर समांतर जोडल्यास अँप्लिफायरवर ४ ओहमचा भार पडतो. तो झेपेल की नाही हे यंत्राच्या पाठीमागे छापलेले असते.

टर्नटेबल घेणाऱ्याने एक बाब आधीच ध्यानी ठेवावी. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्टचा संकेत देतो, तर चलचुंबक पद्धतीचे कार्ट्रिज जेमतेम ५ मिलिव्होल्ट. शिवाय तबकडीवर खालचे स्वर मुद्दाम क्षीण व वरचे स्वर प्रबळ करून कोरलेले असतात. हे दोन्ही सावरण्याचे काम फोनो प्रीअँप्लिफायर करतो. तो न वापरता टर्नटेबल 'ऑक्स' मध्ये खोचल्यास आवाज बारीक व पिपाणीसारखा येतो, आणि नवखा माणूस दोष तबकडीला देतो. बालगंधर्व किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची खाच दीर्घ तबकडीच्या खाचेहून बरीच रुंद असल्याने त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. अशा तबकड्यांविषयी जाणून घेण्यास मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेचे कार्य उपयुक्त आहे.

परदेशस्थ नातलगांनी पाठवलेली यंत्रे हा स्वतंत्र विषय आहे. जपानी यंत्र १०० व्होल्टवर, अमेरिकी १२० व्होल्टवर चालते. आपल्या २३० व्होल्टवर ते थेट लावल्यास जळते. रोहित्र लावून व्होल्ट उतरवले तरी एक अडचण राहते. जुन्या टर्नटेबलांपैकी अनेकांतील मोटारीची गती विजेच्या आवर्तनांवर अवलंबून असते. ६० हर्ट्झसाठी बनवलेली अशी मोटार ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने मंद फिरते आणि ३३⅓ ऐवजी सुमारे २८ फेरे देते. गायकाची पट्टी तीन सुरांहून अधिक उतरलेली ऐकू येते.

मांडणी

दोन स्पीकर व श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानांच्या उंचीवर यावा, ही मूळ मांडणी होय. भारतीय बैठकीवर, म्हणजे गादी-सतरंजीवर बसून ऐकणाऱ्याने स्पीकर त्या मानाने खाली ठेवावेत; परदेशी पुस्तकांतील स्टँडची उंची खुर्चीसाठी सांगितलेली असते. स्पीकर मागच्या भिंतीपासून किमान हातभर पुढे घ्यावेत. कोपऱ्यात सरकवल्यास खर्ज फुगतो व डग्ग्याचे बोल एकमेकांत मिसळतात.

खोलीच्या लांबीनुसार ठरावीक खालच्या कंप्रता उसळतात. दहा फुटांच्या, म्हणजे सुमारे ३.०५ मीटरच्या दोन समोरासमोरील भिंतींमध्ये अशी पहिली कंप्रता ५६ हर्ट्झच्या आसपास येते. याला पडदे काही करू शकत नाहीत. बैठकीची जागा बदलणे हाच स्वस्त उपाय. मधल्या व वरच्या स्वरांचा गोष्ट वेगळी आहे. लादी, गिलावा केलेल्या विटांच्या भिंती आणि काच यांमुळे आपल्या खोल्या घुमतात. एक टाळी वाजवून पाहावी. तिच्यामागून झणकार ऐकू आला तर सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट किंवा भिंतीशी ठेवलेली घड्या घातलेल्या गोधड्यांची चळत यांपैकी जे घरात असेल ते उपयोगी पडते.

जोडणी

स्पीकरच्या तारेवर पैसा उधळण्याचे कारण नाही. १.५ चौरस मि.मी. जाडीच्या तांब्याच्या साध्या दुपदरी तारेचा पाच मीटर लांबीचा जाण्या-येण्याचा एकूण रोध ०.१२ ओहमच्याही आत राहतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. महत्त्वाचे आहे ते दोन्ही बाजूंचे धन व ऋण टोक न चुकणे. एका बाजूस ते उलटे लागल्यास एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्ज नाहीसा होतो. याची परीक्षा जुन्या मराठी भावगीतांवर उत्तम होते. ती बहुतांशी मोनो ध्वनिमुद्रणे असल्याने दोन्ही स्पीकरांतून एकच प्रवाह येतो, व जोडणी बरोबर असेल तर गायक दोहोंच्या नेमका मध्ये उभा असल्यासारखा वाटतो. तो खोलीभर विखुरलेला वाटला तर तार तपासावी.

५० हर्ट्झची घुंघूं बहुधा दोन उपकरणे वेगवेगळ्या ठिकाणी भूसंपर्कित झाल्याने येते. ती घालवण्यासाठी प्लगची मोठी, अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही मंडळी देतात. तो जिवावर बेतू शकतो. धातूच्या पेटीत वीज उतरल्यास तिला जमिनीकडे जाण्याचा मार्ग उरत नाही. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर लावणे हा बिनधोक उपाय आहे. जुना अँप्लिफायर उघडताना वीज बंद केल्यानंतरही आतील मोठ्या धारित्रांत भार शिल्लक असतो, हेही विसरू नये.

भिवंडी-टेमघर परिसरातील परिस्थिती

टेमघर हा ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचा भाग असून भिवंडी हे यंत्रमागांचे शहर आहे. येथील रहिवाशाला लॅमिंग्टन रोडला जायचे तर कल्याण किंवा ठाणे गाठून मध्य रेल्वेने दादर व तेथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड असा प्रवास करावा लागतो. त्यामुळे खरेदीआधी यादी व मापे पक्की असणे बरे. मागांच्या शेजारच्या घरात पार्श्वभूमीचा आवाज मोठा असतो. विलंबित ख्यालातील तंबोरा त्यात बुडतो आणि ऐकणारा नकळत आवाज चढवत जातो. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ध्वनिपातळी ९० डेसिबलच्या वर असते. पाळी संपवून आलेल्या कामगाराचे कान काही तास बधिर राहतात, व त्याला मध्यम वाटणारा आवाज प्रत्यक्षात मोठा असतो. आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा आहे. कारखान्यात ती आधीच ओलांडलेल्या माणसाने घरी विश्रांतीनंतर व कमी पातळीवर ऐकणेच श्रेयस्कर. खिडक्यांच्या फटी बुजवणे आणि श्रोत्याने स्पीकरजवळ, दीड मीटरवर बसणे यांमुळे बटण न चढवता संगीत स्पष्ट होते. शेजाऱ्यांच्या दृष्टीने २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रात्र १० ते सकाळी ६ अशी धरली जाते.

पावसाळ्यातील निगा

कोकणपट्टीतील दमट हवेत स्पीकरच्या कागदी पडद्यास बुरशी धरते व त्याच्या कडेची फोमची पट्टी काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते. रबराची पट्टी अधिक टिकते. जुना स्पीकर विकत घेताना जाळी काढून ही कड बोटाने हळूच दाबून पाहावी. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचल्यास त्या वाकतात. संच रोज तासभर चालू ठेवल्यास आतील ओल उडते. विजा चमकत असताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. प्लग व ट्यूनरच्या अँटेनाची तार दोन्ही काढून ठेवावीत.