न जुळणारे हाड

शाळेच्या मैदानावर एखादे मूल पडते, पायाचे हाड मोडते. प्लॅस्टर घालतात, दोन-तीन महिन्यांत हाड सांधते आणि मूल पुन्हा पळू लागते. खरे तर हाड आपले आपणच जुळते, डॉक्टर ते फक्त सरळ धरून ठेवतात. पण क्वचित एखाद्या बाळाची नडगी जन्मतःच पुढे व बाहेरच्या बाजूला वाकलेली असते. ती किरकोळ कारणाने मोडते आणि मग जुळतच नाही. मोडलेल्या जागी हाड हलत राहते, जणू तिथे नवा सांधाच तयार झाला आहे! या विकाराला आपण 'नडगीचा खोटा सांधा' म्हणू. साधारण दीड लाख बाळांत एखाद्याला तो होतो.

इथे नेमके काय कमी पडते? या प्रश्नाचे प्रत्येक शल्यविशारदाचे उत्तर त्याच्या शस्त्रक्रियेत दिसते. १९४१ मध्ये अमेरिकेतील बॉइड यांनी मोडीच्या दोन्ही बाजूंना हाडाच्या पट्ट्या बसवल्या. म्हणजे हाड कमी पडते. १९५६ मध्ये इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी नडगीच्या पोकळीत धातूची सळई घातली. म्हणजे आधार कमी पडतो. १९७५ मध्ये मेलबर्नच्या इयान टेलर यांनी अपघातात जखमी झालेल्या रुग्णाच्या नडगीत त्याच्याच दुसऱ्या पायातले बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट बसवले. ही युक्ती पुढे या मुलांसाठीही वापरली गेली; म्हणजे रक्तपुरवठा कमी पडतो. सायबेरियातील कुर्गान गावी गाव्रील इलिझारोव्ह १९५० च्या दशकापासून पायाभोवती कडी बसवून, ताणलेल्या तारांनी हाड धरून ठेवत. रोज एक मिलिमीटर, तोही चार टप्प्यांत, असे ताणल्यास मधल्या फटीत नवे हाड तयार होते आणि आखूड पायाची लांबी वाढते.

यातले कोणतेच उत्तर चूक नव्हते, पण पुरेसेही नव्हते. जुळलेले हाड पुन्हा मोडे. अनेक शस्त्रक्रियांनंतर शेवटी पाय कापावा लागलेली मुलेही या इतिहासात आहेत.

दोष हाडाइतकाच त्याच्या वेष्टनात असतो, हे हळूहळू उमगले. तिथे जाड, तंतुमय ऊतक वाढते आणि हाड बनण्यापेक्षा झिजण्याचे काम जोरात चालते. सुमारे निम्म्या मुलांत याचे मूळ एका जनुकातल्या बिघाडात असते. सतराव्या गुणसूत्रावरील हे जनुक १९९० मध्ये सापडले. म्हणूनच आज रोगट वेष्टन काढून टाकणे, अस्थिरोपण, सळई आणि कडी यांचा मेळ घालतात. तरीही वाढ पूर्ण होईपर्यंत हाड पुन्हा मोडण्याची भीती राहतेच.

या जनुकीय विकारात मुलांच्या अंगावर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे सपाट डाग असतात. एखाद-दुसरा डाग कुणालाही असू शकतो. सहा किंवा अधिक दिसले, तर पालकांना डॉक्टरांकडे जायला सुचवावे. आणि वर्गात पायाला कडी लावलेले मूल आले, तर बाकीच्यांना त्या कड्यांचा इतिहास जरूर सांगावा. कुतूहल शमले की टक लावून पाहणेही थांबते, असे आम्हांला वाटते.