उंबरठ्यावरची इंग्रजी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची एक मुलगी इंग्रजी विषयाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेची तयारी करीत होती. दुपारच्या वेळी घरात धाकट्या भावंडांचा गलबला असे, म्हणून ती आमच्या ओटीवर येऊन बसे. पुढ्यात एक जाडजूड मार्गदर्शक पुस्तक आणि एक लांब वही. वहीत उभे रकाने आखलेले होते: लेखकाचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशनाचे साल, प्रमुख पात्रे. चॉसरपासून आजच्या कादंबरीकारांपर्यंत सहाशे वर्षांचे साहित्य त्या रकान्यांत भरले जात होते. खाली दिलेल्या चार ग्रंथांची कालक्रमाने मांडणी करा, पुढील पात्र कोणत्या नाटकातील आहे ते ओळखा, अशा प्रश्नांसाठी ही तयारी होती.

एके दिवशी तिने सहज विचारले, ‘‘सर, ही असली परीक्षा पहिल्यांदा कोणी काढली?’’ प्रश्न वैतागातून आलेला होता. पण त्याचे उत्तर शोधू गेले असता आम्हांस जो इतिहास दिसला, तो वाचकांपुढे मांडावा असे वाटते. कारण ह्या परीक्षेच्या उंबरठ्यावर केवळ ती मुलगीच नव्हे, तर आपल्या पाच-सहा पिढ्या उभ्या राहिलेल्या आहेत.

साधारणपणे आपली समजूत अशी असते की, इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडमध्ये रुजला आणि तेथून तो आपल्याकडे आला. वस्तुस्थिती बरीच उलट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ साली रेव्हरंड टॉमस डेल ह्यांची इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली हे खरे. परंतु ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी हा पदवीचा स्वतंत्र विषय व्हायला १८९०चे दशक उजाडावे लागले आणि केंब्रिजमध्ये तर १९१७ साल. त्या जुन्या विद्यापीठांत ग्रीक आणि लॅटिन ह्यांचेच राज्य होते. आपल्या मातृभाषेतील कविता वाचण्यासाठी परीक्षा कशाला हवी, असा तेथील विद्वानांचा सवाल होता. त्याच काळात कलकत्त्याचे विद्यार्थी मात्र शेक्सपियर, मिल्टन आणि बेकन ह्यांच्यावरील प्रश्नांची उत्तरे लिहून शिष्यवृत्त्या मिळवीत होते. हिंदू कॉलेजचे डी. एल. रिचर्डसन ह्यांनी ब्रिटिश कवींच्या वेच्यांचा मोठा ग्रंथ १८४० साली कलकत्त्यातच सिद्ध केला, तो ह्या गरजेपोटी.

ही गरज का निर्माण झाली? १८१३च्या सनदेने कंपनी सरकारवर शिक्षणासाठी दरसाल किमान एक लाख रुपये खर्च करण्याची जबाबदारी टाकली. त्या पैशाने काय शिकवावे ह्यावर वीस वर्षे वाद चालला आणि २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहून इंग्रजीच्या पारड्यात वजन टाकले. पण दुसरेही एक कारण होते, आणि ते आपल्या वाचकांना विचार करायला लावील. सरकारी शाळांतून बायबल शिकवायचे नाही, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे, असे कंपनीचे धोरण होते. मिशनरी मंडळी त्यावर नाराज होती. अशा वेळी नीतीचे शिक्षण साहित्यातून द्यावे, ही वाट राज्यकर्त्यांना सोयीची वाटली. गौरी विश्वनाथन ह्यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ ह्या ग्रंथात हा इतिहास साधार उलगडून दाखविला आहे. म्हणजे जे काम शुभवर्तमानाकडून करवून घेता येत नव्हते, ते मिल्टनवर सोपविण्यात आले.

पुढे १८४४ साली हार्डिंग ह्यांनी सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम देण्याचा ठराव केला आणि साहित्याची पोटापाण्याशी गाठ कायमची मारली गेली. ह्या गाठीचे सर्वांत ठळक रूप १८५५ सालच्या सनदी नोकरीच्या परीक्षेत दिसते. तोवर ह्या जागा कंपनीच्या संचालकांच्या मर्जीने भरल्या जात. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने १८५४ साली खुल्या स्पर्धेची योजना आखली. तिच्या गुणपत्रकात एकूण ६८७५ गुण होते. त्यांपैकी इंग्रजी निबंध, इतिहास आणि साहित्य ह्यांना प्रत्येकी ५०० मिळून १५००, ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५०, गणिताला १०००, आणि संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५. ज्या देशावर राज्य करायचे त्या देशाच्या अभिजात भाषेचे मोल इंग्रजीच्या एक-चतुर्थांश ठरले. आकड्यांना कधी कधी भाषणांपेक्षा अधिक स्पष्ट बोलता येते.

त्याच समितीने आपल्या अहवालात बजावले होते की, वरवरच्या माहितीला एकही गुण मिळता कामा नये. थोडे विषय घ्यावेत, पण ते खोल असावेत. हेतू चांगला होता. परंतु परीक्षा उभी राहताच तिच्या दाराशी शिकवणीवाल्यांची दुकानेही उभी राहिली. लंडनच्या पोविस स्क्वेअरमधील वॉल्टर रेन ह्यांची संस्था तर ह्या तयारीसाठी नावाजलेली होती. आपल्या शाळांतून ज्यांचे व्याकरण घोटून घेतले जाते ते पी. सी. रेन निराळे. आज गावोगावी दिसणाऱ्या क्लासांच्या पाट्या पाहून आपण हळहळतो. पण ह्या धंद्याचा जन्म साहेबाच्या राजधानीत, साहेबाच्याच परीक्षेसाठी झाला, हे ध्यानात ठेवावे.

ह्या परीक्षेला बसणाऱ्या भारतीयाला आधी समुद्र ओलांडावा लागे. सत्येंद्रनाथ टागोर हे १८६३ साली उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक आपल्या मुंबई इलाख्यात झाली. ते मराठी शिकले, तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले आणि साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर गेलेले मनमोहन घोष मात्र दोनदा अपयशी ठरले. पुढे वयाची कमाल मर्यादा उतरत उतरत १८७८च्या सुमारास एकोणीस वर्षांवर आली. एकोणिसाव्या वर्षी परक्या भाषेत आणि परक्या देशात ही परीक्षा देणे किती भारतीयांना शक्य होते? सुरेंद्रनाथ बॅनर्जी ह्यांनी १८७७ साली ह्याच प्रश्नावर देशभर चळवळ केली. हिंदुस्थानात ही परीक्षा घेतली जाऊ लागली ती १९२२ साली.

आता मुंबईकडे वळू. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे आपली मॅट्रिक, झाली. मोजकेच विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे विद्यापीठाचे पहिले पदवीधर ठरले. रानडे ह्यांनी विद्यार्थिदशेत इतके वाचले की त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. त्यांच्या वाचनाला परीक्षेचे कुंपण नव्हते, हे खरे. परंतु ज्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिली त्याच्या उच्च परीक्षांतून पुढे मराठीलाच वगळण्यात आले, हेही खरे. देशी भाषांना तेथे पुन्हा स्थान मिळावे म्हणून रानडे आयुष्याच्या अखेरपर्यंत झटले. इंग्रजीच्या उंबरठ्यावरून सर्वांत आधी आत गेलेला हा माणूस मागे वळून आपल्या भाषेसाठी दार धरून उभा राहिला, ह्याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते.

१८६९ साली येशू संघाच्या धर्मगुरूंनी मुंबईत सेंट झेवियर कॉलेज सुरू केले. त्यांतील बहुतेक जण जर्मन होते. जर्मन धर्मगुरूंनी मराठी, कोकणी आणि गुजराती मुलांना इंग्रजांच्या परीक्षेसाठी तयार करावे, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. स्वतः परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेला शिक्षक विद्यार्थ्याच्या अडचणी अधिक ओळखतो, असा आमचा तर्क आहे. पहिल्या महायुद्धात ह्याच धर्मगुरूंना शत्रुराष्ट्रीय म्हणून देश सोडावा लागला. आपल्या समाजालाही इंग्रजीचे मोल ह्याच काळात कळले. १८८७ साली उत्तर कोकणातील कॅथॉलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, त्यामागे कंपनीच्या काळापासूनचे नाते सांगून नोकऱ्यांतील आपला हक्क राखण्याचीही भावना होती. नाव बदलता आले. परीक्षा मात्र ज्याची त्याला द्यावीच लागली.

आणि स्त्रिया? मुंबई विद्यापीठाने त्यांना पदवीचे दार उघडले ते १८८३ साली. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक, आई शाळा चालविणारी. अंतिम परीक्षेत कॉर्नेलिया इतक्या वर आल्या की विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क होता. पण ती शिष्यवृत्ती स्त्रीला देता येत नाही असे त्यांना कळविण्यात आले. मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविले, तेही पुरुष विद्यार्थ्यांना. पुढे इंग्लंडमधील हितचिंतकांनी पैसे जमविले, त्या १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली कायद्याची परीक्षा त्यांनी दिली. पदवी हाती आली ती तीस वर्षांनी, १९२२ साली. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि आत घेतले जाणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या आयुष्यावरून कळते.

दरम्यान तयारीची साधने वाढत होती. घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, वर्गात पालग्रेव्हचा १८६१ सालचा काव्यसंग्रह, आणि ह्या दोहोंच्या मध्ये बाजारात मिळणाऱ्या ‘की’ अर्थात गुरुकिल्ल्या. १९०२च्या विद्यापीठ आयोगाने स्पष्ट म्हटले की, येथे परीक्षा शिक्षणाची दासी नसून शिक्षणच परीक्षेचे दास झाले आहे. आयोगाने रोग अचूक ओळखला. औषध मात्र लागू पडले नाही.

ह्या बाबतीत दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी आम्ही आमचीच गोष्ट सांगतो. पदवी परीक्षेला आम्हांस हार्डीची ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ ही कादंबरी होती. आम्ही ती वाचली नाही. मार्गदर्शकातील दोन उत्तरे पाठ केली, त्यांतले एक आले, आणि आम्ही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो. माणसाचा स्वभाव हेच त्याचे दैव, हे सूत्र आम्ही चार परिच्छेदांत सिद्ध केले. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी एका आजारपणात ती कादंबरी हाती आली. कथानायक हेंचर्ड मुलीच्या लग्नाला भेट म्हणून पिंजऱ्यातला एक इवला पक्षी घेऊन जातो, अपमानित होऊन परततो, आणि तो पिंजरा तेथेच झुडपाखाली विसरला जातो. काही दिवसांनी पक्षी उपासमारीने मेलेला सापडतो. त्या पक्ष्याजवळ आम्ही बराच वेळ थांबलो. आमच्या मार्गदर्शकात तो पक्षी नव्हता.

ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी हा विषय सुरू करण्याचा वाद चालू असताना, १८८७ साली, इतिहासाचे प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन ह्यांनी विरोध केला होता. त्यांचे म्हणणे असे की, रुची आणि सहृदयता ह्यांची परीक्षा घेता येत नाही. जे तपासता येते तेच परीक्षेत विचारावे. फ्रीमन हरले, विषय सुरू झाला. पण त्यांचा आक्षेप आजही जिवंत आहे. आपल्याकडील नेट परीक्षा १९८९ साली सुरू झाली, तेव्हा तीत लिहावयाची उत्तरे होती. २०१२ साली तिसरी प्रश्नपत्रिकाही पर्यायी प्रश्नांची झाली, २०१८च्या डिसेंबरात सारी परीक्षा संगणकावर गेली आणि २०२४ पासून तिचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशालाही धरले जाऊ लागले. अभियंत्यांच्या ‘गेट’ परीक्षेत २०२१ साली इंग्रजी साहित्य आले. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सामायिक परीक्षा आहे. जे तपासता येते तेवढेच तपासावे हा फ्रीमन ह्यांचा आग्रह यंत्राने तंतोतंत पाळला, मात्र साहित्याचेच नाव घेऊन.

तरीही आम्ही परीक्षेला सरसकट दोष देणार नाही. मर्जीने जागा वाटल्या जाण्यापेक्षा परीक्षा बरी. यंत्राला उमेदवाराचे आडनाव, गाव किंवा उच्चार दिसत नाही. कॉर्नेलियाच्या वेळी उत्तरपत्रिकेने न्याय केला होता. अन्याय झाला तो नंतर, माणसांच्या हातून. ज्या मुलीच्या घरात इंग्रजीचे एक पुस्तक नाही, तिला दूरच्या विद्यापीठात पोहोचविणारी ही वाट अरुंद असली तरी वाट आहे. ती बंद व्हावी असे म्हणणारा बहुधा स्वतः आधीच आत जाऊन बसलेला असतो.

हे सारे आम्ही त्या मुलीला टप्प्याटप्प्याने सांगितले. पक्ष्याची गोष्टही सांगितली. तिने लक्षपूर्वक ऐकले, क्षणभर विचार केला आणि विचारले, ‘‘सर, त्या पक्ष्यावर प्रश्न येईल?’’

‘‘बहुधा नाही,’’ आम्ही म्हणालो.

ती हसली आणि पुन्हा रकाने भरू लागली. हार्डीच्या नावापुढे तिने १८८६ हे साल लिहिले. ते बरोबर होते. परीक्षा झाल्यावर एका संध्याकाळी ती पेढे घेऊन नव्हे, तर रिकाम्या हातांनी आली. निकाल लागायचा होता. आमच्या कपाटापुढे थोडा वेळ उभी राहून तिने ती कादंबरी मागून नेली. अद्याप ती परत आलेली नाही, आणि आम्हीही ती मागितलेली नाही.