कलई, तांबे आणि भांड्यावरचे नाव

आपल्याकडे इतिहास लिहिला गेला तो तख्तांचा, लढायांचा आणि तहनाम्यांचा. चुलीवरच्या देगचीचा इतिहास लिहावा असे फारसे कुणाला वाटले नाही. वास्तविक घरासाठी नवी भांडी घेणे हा संसारातला मोठा निर्णय असतो. कोणती धातू, किती भांडी आणि कुणाच्या पसंतीने, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत आपला बराच सामाजिक इतिहास दडलेला आहे.

आपल्या आजी-पणजींच्या स्वयंपाकघरात तांब्याच्या देगच्या, पातेली, लगन आणि तोटीचा बधना असे. तांबे निवडण्यामागे व्यवहार होता. तांब्यात उष्णता लवकर आणि सारखी पसरते. मंद आचेवर तासन्‌तास शिजणारा कोरमा, हलीम किंवा दमाची बिर्याणी त्यात तळाला धरत नाही. मात्र तांब्याचे आंबटाशी वैर. दही, चिंच किंवा कोकम उघड्या तांब्या-पितळेला लागले की अन्न कळकते, हिरवट होते आणि पोटाला बाधते. त्यावर उपाय म्हणजे कलई.

कलईची कृती साधी दिसते, पण हात सफाईचा लागतो. भांडे घासून स्वच्छ करायचे, भात्याच्या आचेवर तापवायचे, त्यावर नवसागर टाकायचा आणि कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने सर्वत्र सारखे पसरवायचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणूनच कलईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये, असे जुन्या बायका बजावत. आतून खरवडायचे नाही, लाकडी पळीनेच ढवळायचे, हा दंडकही त्यासाठीच. कलई झिजली की पुन्हा करून घ्यावी लागे. 'पितळ उघडे पडणे' हा वाक्प्रचार आपल्या मराठीला याच झिजलेल्या कलईने दिला.

या देखभालीतून बादशहाही सुटला नव्हता. अबुल फज्लने 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याची हकीकत दिली आहे. बादशहाच्या वापरातील तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा आणि शहजादे व जनानखाना यांच्या भांड्यांना महिन्यातून एकदा कलई होत असे, अशी नोंद तो करतो. भांडे विकत घेतले म्हणजे काम संपले, ही समजूत त्या काळात कुठेच नव्हती.

'मुसलमानांचे तांबे, हिंदूंचे पितळ' अशी एक विभागणी पूर्वी सर्रास सांगितली जाई. ती राहणीची आणि सवयीची होती. शरियतचा तिच्याशी संबंध नाही. हदीसमध्ये मनाई आहे ती सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाण्यापिण्याची. पितळेच्या भांड्यातील पाण्याने पैगंबरांनी (स.) वजू केल्याची रिवायत तर सहीह बुखारीतच आहे. शिवाय आपल्या देगच्या घडवत कोण? पुण्यातल्या कसबा पेठेतील तांबट आळीसारख्या वस्त्यांमधले तांबट, आणि ते प्रामुख्याने हिंदू. उलट १८८०च्या दशकात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत 'कलईगर' ही मुसलमानांतील एक व्यावसायिक जमात म्हणून नोंदलेली आढळते. हे कलईगर भाता घेऊन गल्लोगल्ली फिरत, तेव्हा वाड्यातले पितळेचे पातेले आणि मोहल्ल्यातली देगची एकाच भट्टीवर चढे. भाषेनेही हा शेजार जपला. तवा, पेला, सुरई, तबक हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी स्वयंपाकघरात असे रुळले की आज ते परके वाटत नाहीत. परात तर पोर्तुगीजांकडून आली.

हा शेजार मोडला तो धातूंच्या बाजारामुळे. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत शोधली. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्या धातूची भांडी घडवण्यास सुरुवात केली. वजनाला हलकी, किमतीला कमी आणि कलईची कटकट नाही. 'जर्मल' म्हणून ती गरिबांच्या घरात शिरली. तिलाही आंबट सोसत नाही, हा दोष मात्र मागे पडला. मग आले स्टेनलेस स्टील. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांना न गंजणारे पोलाद गवसले आणि पुढल्या काही दशकांत ते आपल्या मांडणीवर चकाकू लागले. घरोघरची तांब्या-पितळेची भांडी मोडीत निघाली. जुन्या साड्या घेऊन बोहारीण स्टीलचे डबे देऊ लागली. स्टील आंबटाला दाद देत नाही, हे खरेच. पण कलईगराच्या भात्यातली हवा त्याने काढून घेतली आणि त्यांची पुढली पिढी दुसऱ्या कामांकडे वळली.

आता थोडे 'कुणाच्या पसंतीने' याविषयी. जुनी देगची उलटी करून पाहा. काठावर किंवा बुडाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव दिसेल, कधी सालही. पुष्कळदा ते नाव बाईचे असते. घर, शेत, दुकान यांच्या कागदांवर जिचे नाव क्वचितच येई, तिचे नाव तांब्यावर असे. अडीनडीला गहाण टाकता येईल, विकता येईल अशी ती तिची मालमत्ता होती. कोरलेले नाव म्हणजे तिचा दस्तऐवजच. लग्नाच्या वेळी, त्याआधी किंवा नंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, स्नेह्यांनी दिलेल्या वस्तूंवर तलाक झालेल्या स्त्रीचा हक्क आहे, हे १९८६च्या मुस्लिम महिला कायद्यातही स्पष्ट लिहिले आहे. पण ही वस्तू माझी, हे सिद्ध करायचे कसे? स्टीलच्या पन्नास सारख्या डब्यांत स्वतःचे डबे ओळखायचे कसे?

आज जहेजच्या यादीत भांड्यांचे संच दिसतात. त्यांत वापरापेक्षा मांडणीचा दिमाख अधिक. त्यासाठी बाप कर्ज काढतो आणि जिला आयुष्यभर त्यांत शिजवायचे, तिला कुणी विचारत नाही. हुंडा तर १९६१पासून कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून नवी भांडी घेताना एवढे करावे. जी शिजवणार, तिने निवडावे. आंबटासाठी स्टील, भाकरीला लोखंडी तवा, दमासाठी जाड बुडाची कलईदार देगची असे मोजके पण कामाचे घ्यावे. गावात कलईगर उरला असेल तर त्याला वर्षातून एकदा तरी बोलवावे आणि कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसे मिसळलेले नाही ना, हे विचारून घ्यावे. शिसे विषारी असते. आणि पैसे देऊन दुकानातून निघण्यापूर्वी भांड्यांवर नाव घालून घ्यावे, तिचे. लग्नाच्या शामियान्यात मांडलेले संच पाहुणे आठवडाभरात विसरतील. तिचे नाव मात्र तिच्या नातीलाही वाचता येईल.