थायरॉईड-न्यूनतेवरील उपचार : मार्गदर्शिका आणि व्यवहार

गळ्यातील थायरॉईड (अवटु) ग्रंथीतून थायरॉक्सिन हे संप्रेरक पुरेसे स्रवेनासे झाले की जडणारा हा विकार बहुधा आयुष्यभराचा असतो. थकवा, वाढते वजन, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ आणि पाळीच्या तक्रारी ही त्याची लक्षणे. मुंबई व गोव्यासह आठ ठिकाणच्या प्रौढांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे ११ टक्के लोकांना हा विकार होता आणि आणखी ८ टक्क्यांना त्याचे सौम्य रूप. औषधाबद्दल वाद जवळजवळ नाही. १९२७ पासून प्रयोगशाळेत बनवता येणारे थायरॉक्सिन लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीतून मिळते आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही ते आहे. ८८० डॉक्टरांच्या, मुख्यतः उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात ९९ टक्क्यांहून अधिक जणांनी हेच औषध निवडले. मात्र वजनावरून हिशेब करून पूर्ण मात्रा देणारे २७.८ टक्केच निघाले, ३८.५ टक्के मात्रा हळूहळू वाढवणारे होते. मार्गदर्शिका आणि व्यवहार यांतले अंतर औषधाच्या निवडीत नाही. ते मात्रेत आणि त्याहून अधिक फेरतपासणीत आहे.

धडधाकट तरुण रुग्णाला दर किलो वजनामागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला जवळपास १००, असे मार्गदर्शिका सांगतात. वृद्ध आणि हृदयरोगी यांना कमी मात्रेने सुरुवात. पण शरीरातले थायरॉक्सिन निम्मे व्हायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे नवी मात्रा पुरते की नाही हे टीएसएचच्या (थायरॉईडला चालना देणाऱ्या, थायरॉक्सिन कमी पडले की वाढणाऱ्या संप्रेरकाच्या) तपासणीत कळायला सुमारे सहा आठवडे जावे लागतात. ५० च्या गोळीने सुरुवात करून सहा आठवड्यांनी ती वाढवणारा डॉक्टर रुग्णाचे नुकसान करत नाही; ५० वरच वर्षानुवर्षे ठेवणारा करतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या होटगीसारख्या गावाचा विचार केला की हे नीट उमगते. होटगी हे रेल्वेचे जंक्शन, विजयपूर–गदगचा फाटा येथूनच फुटतो, सोलापूर जवळ आहे. तरीही तज्ज्ञाला दाखवायला शहरात जायचे तर एक रोज बुडतो. शंभर गोळ्यांची बाटली मात्र औषधाच्या दुकानात जुन्या चिठ्ठीवर पुन्हा मिळते. चिठ्ठीवर गोळीच्या आकड्याशेजारी पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली नसेल, तर तोच आकडा कायमचा होऊन बसतो.

उलट दिशेची चूक सौम्य प्रकारात होते. टीएसएच थोडे वाढलेले आणि थायरॉक्सिन मात्र ठीक, अशा ६५ वर्षांवरील ७३७ जणांवरची युरोपातील चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. गोळीने त्यांच्या थकव्यात किंवा इतर लक्षणांत फरक पडला नाही. २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने अशा प्रौढांना ही गोळी देऊ नये अशी ठाम शिफारस केली. गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रिया, तीव्र लक्षणे असलेले, वयाने अगदी तरुण आणि टीएसएच २० च्या वर असलेले रुग्ण तिने वगळले. यावर डॉक्टर म्हणतात की बाई थकून आली आहे, अहवालात आकडा वाढलेला आहे, मग तिला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर आधी हिमोग्लोबिन पाहणे आणि दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा मोजणे हे आहे, कारण पुष्कळदा तो आकडा आपोआप खाली येतो. नको असताना घेतलेली जास्तीची गोळी उतारवयात हृदयाचे ठोके बिघडवते, हाडे ठिसूळ करते आणि खऱ्या कारणाचा शोध लांबवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मार्गदर्शिकाच बदलतात, मग पाळायची कोणती? गरोदरपणाचेच पाहा. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत पहिल्या तिमाहीसाठी टीएसएचची मर्यादा २.५ होती, अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१७ मध्ये, स्थानिक प्रमाण उपलब्ध नसेल तेथे, ती ४ च्या आसपास नेली. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो, म्हणून येथे डॉक्टर गोळीकडे झुकला तर ते समजण्यासारखे आहे. कारण नोंदवून, पुढची तपासणी ठरवून मार्गदर्शिकेबाहेर जाणे हा वैद्यकीय निर्णय ठरतो. सवयीने बाहेर जाणे ठरत नाही. शिवाय ज्यांवर कोणताच वाद नाही अशा सूचनाही चिठ्ठीवर येत नाहीत. गरोदर बाईला आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. थायरॉईडच्या गोळीशी त्यांचे चार तासांचे अंतर नसेल तर ती नीट शोषली जात नाही आणि डॉक्टर उगाच मात्रा वाढवत राहतो. बाटली थंड, कोरड्या जागी ठेवायची असते. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, त्यामुळे पत्र्याखालच्या फळीवर ती ठेवू नये हे सांगावेच लागते. गोळी उपाशीपोटी, न्याहारीच्या तासभर आधी घ्यायची. ज्या बाईचा दिवस पहाटेच्या दुधाच्या चहाने सुरू होतो, तिने रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घेतली तरी चालते. २०१४ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेतच ही मुभा आहे.