हजार रुपये आणि एक मंडई

भारतवारीत तुळशीबागेतली खरेदी आटोपली की आपल्यापैकी बरेचजण शेजारच्या मंडईत डोकावतातच. मधोमध उंच मनोरा, दगडी अष्टकोनी इमारत आणि आत भाजीचे गाळे. नाव महात्मा फुले मंडई. पण ती बांधायला विरोध करणाऱ्या मोजक्या लोकांत खुद्द जोतीराव फुले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? शाळेत आपल्याला मुलींच्या शाळा काढणारे फुले भेटले, सत्यशोधक समाजाचे फुले भेटले. म्युनिसिपालिटीतले फुले मात्र कोणी सांगितले नाहीत. मला स्वतःला तेच जास्त आवडतात.

पुण्याची म्युनिसिपालिटी १८५७ सालची. फुले १८७६ ते १८८२ तिचे सभासद होते. तेव्हा निवडणूक नव्हती, सभासद सरकारच नेमी. ज्याने खुर्ची दिली त्याला नाही कोण म्हणणार? १८८० च्या सुमारास व्हाइसरॉयच्या पुणेभेटीनिमित्त हजार रुपये खर्च करण्याचा ठराव पुढे आला. फुले म्हणाले, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला. सभासद बत्तीस. ठरावाला मत न देणारे हे एकटे! ठराव अर्थातच पास झाला.

मग मंडईचा विषय निघाला. तोपर्यंत भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरत असे. ऊन, पाऊस, चिखल. पक्की मंडई बांधावी ही मागणी काही वावगी नव्हती. फुल्यांचे म्हणणे, एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणाला द्या. आता हे फुले कोण? फुलांचा धंदा करणाऱ्या माळी घरातले, आणि स्वतः सरकारी बांधकामांना माल पुरवणारे कंत्राटदार. बाजार त्यांना कळत होता, दगड-चुन्याचा हिशोबही कळत होता. बांधकाम निघाले असते तर त्यांच्यासारख्याचा फायदाच होता. म्हणून त्यांच्या विरोधाला वजन आहे असे मला वाटते.

शिवाय हा पैसा येई कुठून? म्युनिसिपालिटीचे मोठे उत्पन्न जकातीचे. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये फुल्यांनी लिहिलेच आहे की गाडीभर माळवे घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याच्या हाती जकात आणि बाकीचा खर्च वजा जाता कधीकधी काहीच उरत नाही. म्हणजे वाडीवरचा माणूस शहराला कर भरणार आणि तो कशावर खर्चायचा ते सभेत बसलेली शहरातली मंडळी ठरवणार. त्याच्या मुलाला शाळा मिळाली तर निदान काहीतरी परत गेले, असा हा हिशोब आहे.

मंडई झालीच. ५ ऑक्टोबर १८८६ ला ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते उद्घाटन झाले आणि गव्हर्नरच्या नावावरून तिला 'रे मार्केट' म्हणू लागले. खरे सांगायचे तर इमारत उत्तम निघाली. सव्वाशेहून अधिक वर्षे लोक तिथे भाजी घेताहेत, तेव्हा तो पैसा वाया गेला असे मी तरी म्हणणार नाही. पण शाळांचे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटला असेही नाही.

पुढे निवडणुका आल्या. टिळक १८९५ मध्ये निवडून आले, नंतर गोखले अध्यक्ष झाले. वाद थांबले नाहीत, फक्त आता शाळा की बाजार याऐवजी कोणाचा पुतळा, यावर सभा तापू लागली. १९२४ मध्ये न. चिं. केळकरांच्या काळात मंडईपाशी टिळकांचा पुतळा बसला, मोतीलाल नेहरूंच्या हस्ते. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे सभासद झाले आणि त्यांनी फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. त्यावरून शहरात जी चिखलफेक झाली ती कोर्टापर्यंत पोचली. दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक त्याच धुमश्चक्रीतले. जवळकर-जेधे यांची अपिलात बाजू मांडणारे वकील होते डॉ. आंबेडकर, आणि १९२६ मध्ये ते सुटले. पुस्तकाची भाषा फारच कडवट आहे, पण ठरावाची चर्चा नीट झाली असती तर एवढा कडवटपणा आला असता का, हा विचार मनात येतोच.

१९३८ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने रे मार्केटला फुल्यांचे नाव मिळाले. अत्रे तेव्हा नगरपालिकेत होते. विरोध केलेल्या इमारतीलाच आपले नाव द्यावे, हे जोतीरावांना कितपत रुचले असते कोण जाणे. एखादी शाळा त्यांनी जास्त पसंत केली असती!

१५ फेब्रुवारी १९५० ला पुण्याची महानगरपालिका झाली. आज आकडे कोटींत असतात, पण सभेतली भांडणे ओळखीची वाटतात: रस्ता आधी की पूल, सुशोभीकरण की पाणी. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षे निवडणूकच झाली नाही. एवढ्या मोठ्या शहराचे अंदाजपत्रक प्रशासकच मांडत आणि प्रशासकच मंजूर करत. १८८० ची नेमलेली सभा कशीही असो, तिथे मत न देण्यापुरता एक माणूस तरी बसलेला होता.